सर विश्वेश्वरय्या आणि मुसीचा पूर

मुदखेडच्या रेल्वेस्थानकावर उभे राहिले म्हणजे लोहमार्ग दोन दिशांना फुटलेला दिसतो. एक फाटा भोकर-किनवटवरून आदिलाबादेकडे वळतो. दुसरा उमरी, धर्माबाद आणि निजामाबाद मागे टाकीत सिकंदराबादेस जातो. मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी वाहतुकीस खुला झाला. त्या काळी नांदेड जिल्हा निजामाच्या राज्यात मोडत असे आणि हैदराबाद ही आपली राजधानी होती. 1908 सालच्या सप्टेंबर महिन्यात ह्या राजधानीवर जलप्रलय कोसळला. त्याचे कारण शोधून काढण्यासाठी ज्या पुरुषास पाचारण करण्यात आले, त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागराचे शिल्पकार आणि भारतरत्न म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु फुटक्या तलावांचा हिशेब मांडणारे विश्वेश्वरय्या फारसे कोणाला ठाऊक नाहीत, आणि आपल्या भागातील मुलांना तर त्यांचीच ओळख अधिक अगत्याची आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी ह्या खेड्यात 15 सप्टेंबर रोजी झाला. साल काही ग्रंथांत 1860, तर काहींत 1861 दिलेले आढळते. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे व्यासंगी होते. घरी विद्या पुष्कळ, पण द्रव्य बेताचे. मुलगा लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. पुढे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकून 1881 साली ते पदवीधर झाले. शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागविणाऱ्या ह्या हुशार विद्यार्थ्यास म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यास आले. 1883 साली अंतिम परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या काळी पहिल्या येणाऱ्यास सरकारी नोकरी ठरलेलीच असे. 1884 साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

अशा रीतीने कानडी मुलखातील हा तरुण महाराष्ट्राच्या नद्यानाल्यांशी जोडला गेला, तो जवळजवळ पंचवीस वर्षे. नाशिक आणि खानदेश ही त्यांची पहिली कार्यभूमी. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या खोऱ्यात कालव्याचे पाणी एका नाल्यापलीकडे नळाने नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. ऐन पावसाळ्यात, पुराने वाट अडविली असताना त्यांनी ते पार पाडले. पुढे सिंधमधील सक्कर येथे त्यांनी शहरास पाणी पुरविण्याची योजना पूर्ण केली. पुण्यात असताना न्यायमूर्ती रानडे व नामदार गोखले यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. नीरेच्या कालव्यावर पाळीपाळीने पाणी देण्याची त्यांची पद्धत सुरू झाली, तेव्हा प्रथम बराच गवगवा झाला. पण ती हकिकत येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

सांगण्यासारखी हकिकत खडकवासल्याची आहे. पुण्यास पाणी पुरविणारे हे दगडी धरण एकोणिसाव्या शतकात बांधलेले. दर पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहरास व कालव्यास तोटा पडे. साधा उपाय म्हणजे धरणाची उंची वाढविणे. परंतु जुन्या भिंतीवर नवी भिंत चढविली म्हणजे तिच्या पायावर पाण्याचा दाब वाढतो. जी भिंत एका उंचीचे पाणी सोसण्यासाठी बांधली, तीवर अधिक भार कोणत्या भरवशावर टाकावयाचा? विश्वेश्वरय्यांनी निराळा मार्ग काढला. सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारी व मिटणारी दारे बसविली. पाणी ठरलेल्या पातळीस पोहोचेपर्यंत दारे बंद राहत. पातळी ओलांडली की पाण्याच्याच जोराने ती उचलली जात व जादा पाणी निघून जाई. पातळी उतरली की पुन्हा बंद होत. रात्री-अपरात्री, मुसळधार पावसात कोणी माणूस धावत येऊन चाक फिरविण्याची गरज उरली नाही. 1903 साली ही दारे बसली आणि धरण न वाढविता तलावाची पातळी सुमारे 8 फुटांनी वर राहू लागली.

ह्या योजनेची वाखाणणी करताना बहुतेक लेखक त्यातील युक्तीवर भर देतात. मला त्यातील सावधपणा अधिक महत्त्वाचा वाटतो. तलावात किती पाणी साठवता येईल, एवढाच प्रश्न सामान्य माणूस विचारतो. नको असलेले पाणी वेळेवर बाहेर कसे जाईल, हा प्रश्न धरण बांधणाऱ्याने आधी विचारावयाचा असतो.

1906 साली एडनच्या पाणीपुरवठ्याच्या कामी त्यांना पाठविण्यात आले. एवढी योग्यता असूनही मुख्य अभियंत्याच्या जागेवर त्या काळी हिंदी माणसाची नेमणूक होणे कठीण होते. ते ओळखून त्यांनी 1908 साली नोकरीतून बाहेर पडण्याचे ठरविले आणि युरोपच्या प्रवासास निघाले. ते तिकडे असतानाच हैदराबादेचा प्रलय घडला आणि निजाम सरकारचे बोलावणे त्यांच्यामागे जाऊन पोहोचले.

हैदराबाद शहर मुसी नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले आहे. एरवी ही नदी एवढी रोड असते की, तिच्यापासून कोणास भय वाटावे असे तिचे रूपच नाही. 1908 च्या सप्टेंबरअखेर मात्र तिच्या पाणलोटात विलक्षण पाऊस झाला. शमशाबाद येथे 24 तासांत 12.8 इंच आणि 48 तासांत 18.9 इंच पाऊस मोजला गेला. 18.9 इंच म्हणजे सुमारे 480 मिलिमीटर. आपल्या नांदेड भागात साऱ्या वर्षाचा पाऊस सरासरी 900 मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याच्या निम्म्याहून अधिक पाऊस दोन दिवसांत पडला म्हणजे काय होईल, याची कल्पना करावी. 28 सप्टेंबर रोजी नदी शहरात शिरली. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल, चादरघाटचा पूल हे सारे वाहून गेले. जुना पूल तेवढा उभा राहिला. हजारो घरे जमीनदोस्त झाली. सुमारे 15,000 माणसे प्राणांस मुकली, असे सांगतात. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. त्या रात्री त्याच्या फांद्यांना धरून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, ही आठवण हैदराबादेत आजही सांगितली जाते.

15 एप्रिल 1909 रोजी विश्वेश्वरय्या हैदराबादेत कामावर रुजू झाले. त्यांना तीन गोष्टी करावयाच्या होत्या: शहराची पुनर्रचना, सांडपाण्याची व्यवस्था आणि पुन्हा असा पूर येऊ नये असा उपाय. राजधानीत बसून नदीच्या काठाला उंच तट बांधा, असे लिहून देणे सोपे होते. पण पूर शहरात आला असला तरी तो शहरात जन्मला नव्हता. म्हणून त्यांनी आपले लक्ष नदीच्या वरच्या अंगाकडे, पाणलोटाकडे वळविले. पर्जन्यमापनाची ठिकाणे थोडी. तेव्हा शेजारच्या प्रांतांतूनही मोठ्या पावसाच्या नोंदी मागविण्यात आल्या. ओढ्या-नाल्यांचे उतार, पुराच्या पाण्याच्या खुणा, वाहून गेलेल्या बांधांची मापे, सारे कागदावर उतरू लागले.

तेव्हा जी गोष्ट उजेडात आली ती अशी. शहराच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे 862 चौरस मैलांचे. त्यात लहानमोठे 788 तलाव होते. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक. दख्खनच्या पठारावर तलाव बांधण्याची विद्या फार जुनी. आपल्या जिल्ह्यातील कंधारचा जगत्तुंग सागर राष्ट्रकूटांच्या काळातील आहे. गावोगावच्या लोकांनी मातीचे बांध घालून पावसाचे पाणी अडविले, त्यावर भात पिकविला, गुरे पाजली. वर्षानुवर्षे हे तलाव गावांचे पोशिंदे होते. परंतु त्या पावसात 788 पैकी 221 तलाव फुटले.

मातीचा बांध कसा फुटतो, हे येथे समजून घेतले पाहिजे. चांगल्या बांधाच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो. त्यातून पाणी सहजी झिरपत नाही. गाभ्याच्या दोन्ही अंगांस मुरमाचा भराव घालून त्यास आधार देतात. पाण्याकडील उतारावर लाटांनी माती धुपू नये म्हणून दगड बसवितात. एका टोकास, पक्क्या जमिनीवर, माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर सांडवा ठेवतात. असा बांध पाण्याचा दाब शतकानुशतके सोसू शकतो. त्याला सोसवत नाही ती एकच गोष्ट: माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तर ती बहुधा टिकते. मातीच्या माथ्यावरून एक वीतभर पाणी वाहू लागले की पलीकडच्या उतारावर घळ पडते, घळ मागे मागे सरकत माथ्यापर्यंत येते आणि पाहता पाहता सारा तलाव त्या खिंडारातून बाहेर पडतो. दुसरा धोका आतला आहे. उंदीर-घुशींची बिळे, कुजलेली झाडांची मुळे, बांधातून नेलेल्या मोरीच्या भोवतालची सैल माती, यांतून पाण्याची बारीक धार वाट काढते. ती स्वच्छ असेल तोवर चिंता कमी. गढूळ होऊ लागली की बांधाची माती आतून वाहून चालली आहे, असे समजावे.

आता एकाखाली एक असे तलाव असलेल्या नाल्याचा विचार करू. वरचा तलाव फुटला. त्याचे पाणी पावसाच्या पाण्यात मिसळून दुसऱ्या तलावावर आले. दुसऱ्याचा सांडवा आपल्या पाणलोटापुरता बांधलेला. वरच्या तलावाचे पाणी त्याच्या हिशेबात धरलेलेच नव्हते. तोही माथ्यावरून वाहू लागला आणि फुटला. दोन तलावांचे पाणी तिसऱ्यावर आले. अशी ही साखळी खालपर्यंत तुटत जाते. मुसीच्या खोऱ्यात हेच घडले. एकेक तलाव पाहिला तर तो क्षुल्लक. कोणी त्यास धोकादायक म्हटले नसते. मूळ कारण अतिवृष्टी हेच होते, तलाव फुटले नसते तरी मोठा पूर आलाच असता. परंतु फुटलेल्या तलावांनी त्या पुरात भर घातली. नदीतून त्या वेळी दर सेकंदास सुमारे 4,25,000 घनफूट पाणी वाहिले, असा अंदाज करण्यात आला.

1 ऑक्टोबर 1909 रोजी विश्वेश्वरय्यांनी आपला अहवाल सादर केला. शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी इसी ह्यांवर दोन मोठे जलाशय बांधावे, पावसाळ्यात त्यांत पुरासाठी जागा मोकळी ठेवावी, पूर आला की तो तेथे अडवून शहरातून सुखाने जाईल तेवढेच पाणी हळूहळू सोडावे, अशी ती योजना होती. पाणी अडविण्यासाठी बांधलेल्या तलावांनी घात केला होता. तेव्हा उपाय म्हणून पुन्हा तलावच सुचविणे, यास धैर्य लागत होते. पण शेकडो दुर्लक्षित बांधांवर विसंबण्यापेक्षा, सांडव्याची व दारांची पुरेशी सोय केलेले आणि सतत पहाऱ्याखाली असलेले दोनच जलाशय भरवशाचे, असा हिशेब त्यामागे होता. मुसीवरील उस्मानसागर 1920 साली आणि इसीवरील हिमायतसागर 1927 साली पूर्ण झाला. ते बांधून झाले तेव्हा विश्वेश्वरय्या हैदराबादेत नव्हते. इमारत एकाची आणि आराखडा दुसऱ्याचा असे पुष्कळदा घडते. पुढे मराठवाड्यातून वाहत जाणाऱ्या मांजरा नदीवर नवाब अली नवाज जंग ह्या हैदराबादी अभियंत्याने निजामसागर बांधला, तो 1931 साली पुरा झाला.

येथे चरित्राचा धागा थोडा वेळ बाजूस ठेवून आजच्या काळाकडे वळतो. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात गावोगाव पाझर तलाव झाले. ज्या हातांनी ते खोदले, त्यांना त्या कामाने जगविले. आता त्यांतील कित्येक बांधांवर बाभळी वाढल्या आहेत आणि सांडव्यांत गाळ साचला आहे. असा तलाव धोक्याचा आहे की नाही, हे कसे ठरवावे? लोक उंची पाहतात. उंचीलाही अर्थ आहेच. भारतीय मानकांप्रमाणे 7.5 ते 12 मीटर पाणी तोलणारे आणि 5 लाख ते 1 कोटी घनमीटर पाणी साठविणारे धरण लहान गणले जाते व त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराइतका ठेवतात. ह्याचा अर्थ शंभर वर्षे निर्धास्त झोपावे असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याचा संभव शंभरात एक असतो; तो उद्याही येईल. 2021 साली केंद्र सरकारने धरणसुरक्षेचा कायदा केला. तो 15 मीटरांहून उंच धरणांस, तसेच 10 ते 15 मीटर उंचीच्या काही ठरावीक धरणांस लागू आहे. बहुतेक गावतळी ह्या मापात बसत नाहीत.

परंतु धोक्याचे वर्गीकरण ही निराळी गोष्ट आहे. ते करताना धरण मजबूत आहे की कमकुवत, हे विचारीत नाहीत. ते फुटलेच तर खाली काय आहे, हे विचारतात. दोन बांध अगदी सारखे बांधले. एकाच्या खाली ओसाड माळ आहे, दुसऱ्याच्या खाली नाल्याकाठी वस्ती, शाळा आणि रस्त्याचा पूल आहे. पहिला कमी धोक्याच्या वर्गात जाईल, दुसरा अधिक धोक्याच्या. आणि दुसऱ्याचा सांडवा मोठा ठेवावा लागेल, त्याची तपासणी वारंवार करावी लागेल, त्याच्या खालच्या लोकांना इशारा कसा द्यावयाचा हे आधी ठरवून ठेवावे लागेल. शिवाय हा वर्ग कायमचा नसतो. तलाव बांधला तेव्हा खाली शेते होती आणि नंतर तेथे घरे झाली, तर बांधातील एक ढेकूळही न हलता धोका वाढतो. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे लहान धरण फुटले. मोठ्या धरणांच्या पंक्तीत त्याचे नाव कोणी घेतले नसते. त्याच्या पायथ्याशी असलेली घरे त्या रात्री वाहून गेली आणि सुमारे वीस माणसे दगावली.

विश्वेश्वरय्या हैदराबादेत जेमतेम सात महिने राहिले. 1909 च्या नोव्हेंबरात म्हैसूरच्या महाराजांनी त्यांस मुख्य अभियंता म्हणून बोलावून घेतले. पुढचे चरित्र सर्वश्रुत आहे. 1911 साली कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. 1912 ते 1918 पर्यंत ते संस्थानचे दिवाण होते. 1916 साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना उभा राहिला. 1955 साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. त्यांच्या वक्तशीरपणाच्या, दोन मेणबत्त्यांच्या, आगगाडीच्या रुळांच्या अनेक गोष्टी सांगितल्या जातात. त्या मनोरंजक आहेत. पण त्यांवाचूनही हे चरित्र उणे पडत नाही, म्हणून येथे दिल्या नाहीत.

त्यांना दीर्घायुष्य लाभले, आणि त्यामुळे एक दुःखद वार्ताही त्यांच्या हयातीतच घडली. पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे मोठे धरण बांधण्यात येत होते. 1961 च्या पावसाळ्यात काम अपुरे असतानाच त्यात पाणी साठले. बांधाच्या पोटातून नेलेल्या पाणी सोडण्याच्या मोरीपाशी बिघाड झाला, तिच्यावरचा भराव खचू लागला आणि माथा खाली बसत गेला. सैनिकांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच करण्याचा प्रयत्न केला. 12 जुलैच्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यावर आले. साठ वर्षांपूर्वी तरुण अभियंत्याने पुराच्या पाण्यास वाट करून देण्यासाठी ज्या तलावावर दारे बसविली होती, तोच हा तलाव. मुठेच्या नेहमीच्या पुरास त्याने तोंड दिले असते. एका सबंध धरणाचे पाणी एकाएकी अंगावर येईल, हे त्याच्या हिशेबात नव्हते. दुपारपर्यंत खडकवासलाही फुटले आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वरचा तलाव फुटावा आणि त्याने खालचा फोडावा, हे मुसीच्या खोऱ्यात त्यांनी बावन्न वर्षांपूर्वी कागदावर मांडले होते.

त्या वेळी ते बंगळूरास होते आणि वयाची शंभरी गाठत होते. पुढच्याच वर्षी, 1962 च्या एप्रिल महिन्यात त्यांचे देहावसान झाले. नंदीच्या डोंगराच्या पायथ्याशी, मुद्देनहळ्ळीत, त्यांच्या जन्मघराजवळ त्यांची समाधी आहे. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. तो येतो तेव्हा मराठवाड्यातील तलाव बहुधा भरत आलेले असतात आणि पावसाळ्याचे दोन-तीन आठवडे अजून शिल्लक असतात.